पुकारा होईपर्यंत: मुंबईच्या कोर्टात पीडित मुलीच्या सोबतीला जाणाऱ्यांसाठी

दुपारचे सव्वाबारा वाजले होते. कोर्टरूमच्या दारात उभं राहून पट्टेवाल्याने मुलीचं पूर्ण नाव, बापाच्या नावासकट आणि आडनावासकट, अख्ख्या व्हरांड्याला ऐकू जाईल असं पुकारलं. मुलगी अकरा वर्षांची. शेजारच्या बाकड्यावर त्यांच्याच चाळीतल्या एक बाई बसल्या होत्या, भावाच्या मारामारीच्या केसला आलेल्या. त्यांनी मान वळवून बघितलं. झालं. संध्याकाळच्या नळाला पाणी यायच्या आत चाळीला कळलं होतं.

पट्टेवाल्यावर मी राग धरला नाही. कागदावर असतं ते तो वाचतो. मी त्या दिवशी सव्वादहालाच पोचले होते. दोन तास हातात असून त्याच्यापाशी जाऊन ‘मामा, ही पॉक्सोची केस आहे, नाव घेऊ नका, मी दाराशीच बसते, नुसता हात करा’ एवढं बोलायचं मला सुचलं नाही. तेव्हापासून कोर्टात शिरले की आधी पट्टेवाल्याला गाठते, मग बेंच क्लार्कला, मग सरकारी वकिलांना. हा क्रम मी कधी मोडत नाही.

मी वकील नाही. कुर्ला कोर्टाबाहेर अकरा वर्षं टायपिंग केलं. प्रतिज्ञापत्रं, जामिनाचे अर्ज, भाडेकरार, पडेल ते. पुढे एका संस्थेत शिकून या कामात आले. आता बहुतेक पॉक्सोच्याच, म्हणजे लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या, केसेस असतात. ‘ताई, मलाही हे काम करायचंय, काय करावं लागतं’ असं विचारणाऱ्यांना दर वेळी फोनवर तासभर सांगण्यापेक्षा एकदा लिहून काढलेलं बरं. खाली येणारे प्रसंग दोन-तीन केसेसचे मिसळले आहेत, वयं आणि ठिकाणं बदलली आहेत. कुणाला ओळखायचा प्रयत्न करू नका.

तुम्ही नेमके कोण

लहान मुलांच्या केसमध्ये कायद्यात तुमच्यासाठी जागा आहे. पॉक्सो कायदा २०१२ चा आणि सध्याचे नियम २०२० चे. गुन्हा नोंदवल्यावर पोलिसांनी २४ तासांच्या आत बालकल्याण समितीला कळवायचं असतं. समिती मूल आणि पालक यांची संमती घेऊन सपोर्ट पर्सन, म्हणजे मुलाच्या सोबतीला राहणारी व्यक्ती, नेमते, आणि पोलीस ती नेमणूक विशेष न्यायालयाला लेखी कळवतात. नेमणुकीचं पत्र हातात पडलं की त्याच्या सात-आठ झेरॉक्स काढा. पोलीस ठाणं, हॉस्पिटल, सरकारी वकील, बेंच क्लार्क, सगळीकडे ‘तुम्ही कोण, नातेवाईक का?’ हा प्रश्न ठरलेला असतो आणि तोंडी उत्तराला कुणी विचारत नाही.

या कामाला मानधन आहे. कुशल कामगाराच्या किमान वेतनापेक्षा ते कमी असू नये, असं नियमांतच आहे. ते वेळेवर मिळेल या भरवशावर घरभाडं ठरवू नका, एवढंच सांगते.

मुलीला आणि पालकांना तुम्ही नको असाल तर समितीला सांगून ते तुम्हाला बदलू शकतात, कारणही द्यावं लागत नाही. पहिल्याच भेटीत मी हे त्यांना स्वतः सांगते. एका वडिलांनी आठव्या दिवशी मला बदललं. वाईट वाटलं. पण त्या मुलीने घरातल्या मोठ्यांपाशी बोलून काहीतरी बदलून घेतलं होतं, आणि तसं तिच्या आयुष्यात कदाचित पहिल्यांदाच घडत होतं.

मोठ्या बायकांच्या केसमध्ये असं नेमणुकीचं पत्र नसतं. तिथे आपण म्हणजे ‘सोबत आलेल्या बाई’. मग भिस्त वकिलावर. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, हेल्पलाइन १५१००. पोलीस ठाण्यांच्या आवारातले महिला व मुलांसाठीचे विशेष कक्षही आहेत. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९८४ साली मुंबई पोलीस आयुक्तालयात पहिला सुरू केला. तिथल्या समाजसेविकांशी ओळख ठेवा. त्यांना कोणत्या ठाण्यात कोणत्या मॅडमशी बोलायचं ते पाठ असतं.

पहिली घरभेट

पोलिसांच्या गाडीतून जाऊ नका. गळ्यातलं ओळखपत्र आत टाका. चाळीत किंवा झोपडपट्टीत नवीन बाई आली की तीन दारं उघडतात. मी साडी नेसून, हातात कापडी पिशवी घेऊन जाते. लोक बचत गटाची समजतात, मी ते खोडून काढत नाही.

पहिल्या भेटीत घटनेबद्दल एक शब्दही विचारायचा नाही. ती आईला सांगून झालेली असते, महिला पीएसआयला, डॉक्टरला, समितीला सांगून झालेली असते, दंडाधिकाऱ्यांसमोर सांगायची बाकी असते. आपल्याला ती माहिती लागत नाही. शाळा कुठली, दुपारी घरी कोण असतं, झोप लागते का, कुणाच्या घरी जायला आवडतं, एवढं पुरे. एका मुलीशी मी पहिले तीन आठवडे फक्त सागरगोट्यांवर बोलले.

आई दोन प्रश्न हमखास विचारते. पहिला, ‘त्याला शिक्षा होईल ना?’ याला मी ‘माहीत नाही’ म्हणते. ‘होईल हो, काळजी करू नका’ हे वाक्य तोंडावर येतं, ते गिळा. दुसरा प्रश्न, ‘किती दिवस लागतील?’ कायद्यात लिहिलंय की न्यायालयाने दखल घेतल्यापासून ३० दिवसांत मुलाची साक्ष व्हावी आणि शक्यतो वर्षभरात खटला संपावा. हे मी सांगते, आणि माझ्या हातातल्या केसेसना प्रत्यक्षात किती वर्षं लागली तेही सांगते. आईचा चेहरा उतरतो. तिसऱ्या वर्षी उतरण्यापेक्षा पहिल्या दिवशी उतरलेला बरा.

मुलीलाही एक वचन द्यायचं नाही: ‘मी कुणालाच सांगणार नाही.’ तुमच्या जवळ आल्यावर ती कधीतरी दुसऱ्याच माणसाबद्दल, दुसऱ्याच घटनेबद्दल बोलेल. पॉक्सोच्या कलम १९ प्रमाणे ते कळवणं तुम्हाला बंधनकारक आहे, न कळवणं हा कलम २१ खाली गुन्हा आहे. म्हणून मी सुरुवातीलाच म्हणते, ‘तुझं बोलणं मी शेजारीपाजारी, शाळेत सांगणार नाही. पण तुला कुणी त्रास देतंय असं कळलं तर मात्र मला मोठ्यांना सांगावं लागेल, आणि सांगायच्या आधी मी तुला सांगेन.’

कागद

टायपिस्ट होते म्हणून असेल, पण कागदांच्या बाबतीत मी कडक आहे. प्लास्टिकची एक फाइल, वर मुलीचं नाव नाही, फक्त केस नंबर. आत एफआयआरची प्रत (फिर्यादी किंवा पीडित यांना ती फुकट मिळते, झेरॉक्सचे पैसे मागितले तरी देऊ नका), जन्मदाखला, शाळेचा दाखला, आईचं बँक पासबुक, समितीचे आदेश, आणि तारखांची वही.

जन्मदाखला आणि शाळेचा दाखला शेजारी शेजारी ठेवून वाचा. नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख, बापाचं नाव. पॉक्सोमध्ये वय सिद्ध होणं हाच पाया असतो, आणि शाळेत घालताना बाईंनी अंदाजाने जून महिना लिहिलेला असतो. फरक दिसला तर आत्ताच तपास अधिकाऱ्यांना आणि सरकारी वकिलांना दाखवा. उलटतपासणीत बाहेर येण्याची वाट बघू नका.

१ जुलै २०२४ पासून नवे कायदे आले, तेव्हा कलमांचे आकडे बदलले. दंडाधिकाऱ्यांसमोरचा जबाब पूर्वी ‘एकशे चौसष्ट’ होता, आता नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १८३. कोर्टात मात्र सगळे अजून ‘वन सिक्स्टी फोर’च म्हणतात. तुम्हाला दोन्ही ओळखू आले पाहिजेत. नव्या संहितेतली एक गोष्ट वापरत जा: तपास कुठवर आला हे पोलिसांनी ९० दिवसांत पीडित किंवा फिर्यादीला कळवायचं आहे, कलम १९३. मी ८५व्या दिवशी आईच्या सहीने साधा अर्ज देते. भाषा नम्र ठेवते, आणि ‘पोच’चा शिक्का घेतल्याशिवाय ठाण्यातून हलत नाही.

आरोपपत्र दाखल झाल्यावर केसचा सोळा अक्षरी सीएनआर नंबर मिळवा आणि ई-कोर्ट्सच्या अॅपमध्ये टाका. पुढची तारीख तिथे दिसते. तरी आदल्या दिवशी फोन करून खात्री करा, कारण अॅपवरची तारीख आणि रोजनाम्यातली (कोर्टाच्या रोजच्या नोंदीतली) तारीख यांचं कधी कधी पटत नाही.

पैशांचं लवकर बघा. पीडितांसाठीच्या राज्य सरकारच्या मनोधैर्य योजनेत जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत मदत मिळू शकते. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जातो आणि अल्पवयीन मुलीची बरीचशी रक्कम मुदत ठेवीत राहते. त्याशिवाय पॉक्सो न्यायालय खटला चालू असतानाच अंतरिम भरपाईचा आदेश देऊ शकतं, आणि खाणं, कपडे, प्रवास अशा तातडीच्या गरजांसाठी बालकल्याण समिती वेगळ्या मदतीची शिफारस करू शकते. ही शेवटची तरतूद पुष्कळांना माहीतच नसते. ज्या आईची चार घरची धुणीभांडी तारखांपायी सुटतात, तिला महिन्याचा किराणा आधी लागतो.

जामीन

आरोपीला जामीन मिळाला की घरात सुतक पडतं. ‘सुटला तो!’ जामीन म्हणजे निर्दोष सुटणं नव्हे, हे समजावून सांगायला मला दर वेळी दोन-तीन भेटी लागतात, आणि तरी ते पूर्ण पटत नाही.

करायचं ते आधी करा. जामिनाच्या सुनावणीत पीडितेच्या बाजूला बोलायचा हक्क आहे. पॉक्सोच्या केसमध्ये तिला नोटीस गेलीच पाहिजे, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्पष्ट केलं. नोटीस आली की आईला घेऊन सरकारी वकिलांकडे जा आणि ठोस गोष्टी सांगा: आरोपी त्याच गल्लीत राहतो, त्याचा भाऊ क्लासच्या दाराशी उभा राहतो, अमुक तारखेला अमुक वाजता हे बोलला. ‘आम्हाला भीती वाटते’ एवढ्यावर अटी घालून घेता येत नाहीत. जामीन मिळाला तर आदेशातल्या अटी आईला मराठीत लिहून द्या आणि तो कागद तिच्या पर्समध्ये राहू द्या. अट मोडली तर वार, वेळ, जागा, कोणी बघितलं, सगळं त्याच रात्री वहीत. धमक्या वाढल्या तर साक्षीदार संरक्षण योजना २०१८ खाली अर्ज करता येतो. त्या योजनेला सर्वोच्च न्यायालयाने मान्यता दिली आहे आणि जिल्हा व सत्र न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालची समिती अर्जावर निर्णय घेते.

माझी चूक

हा भाग लांबेल. मला तो अजून टोचतो.

दुसऱ्या की तिसऱ्या वर्षातली केस. मुलगी नऊ वर्षांची, सरतपासणीच्या (सरकारी वकिलांच्या प्रश्नांच्या) आधी बाकड्यावर थरथरत होती. मी तिचा हात धरला आणि म्हटलं, ‘घाबरायचं नाही. पोलीस मॅडमना सांगितलंस ना, त्याने हात धरून आत नेलं, अगदी तस्संच सांगायचं.’ मला वाटलं, धीर दिला.

सरतपासणी चांगली झाली. उलटतपासणीत आरोपीच्या वकिलांनी आवाज अगदी मऊ करून विचारलं, ‘बाळा, कोर्टात काय सांगायचं ते कुणी सांगितलं तुला?’ मुलीने खरं तेच सांगितलं. माझ्याकडे बोट केलं. ‘मावशीने.’

साहेबांनी, म्हणजे न्यायाधीशांनी, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मग ते उत्तर स्टेनोला सांगितलं आणि ते टाइप झालं. टाइप होतानाचा आवाज माझ्या ओळखीचा, अकरा वर्षं त्याच आवाजात बसलेली मी. पण त्या दिवशी तो ऐकवेना.

‘पढवलेली साक्षीदार’ हा बचाव पक्षाचा सगळ्यात जुना मुद्दा आहे, आणि मी तो आयता हातात दिला होता. मुलगी खोटं एक अक्षर बोलली नव्हती. जे नुकसान झालं ते माझ्या प्रेमळपणाने झालं.

तेव्हापासूनचे माझे नियम सांगते. मुलीचा जबाब मी वाचत नाही. वाचलेला नसला की तोंडून निसटतही नाही. साक्षीआधी तिच्याशी बोलणं, जबाबाची आठवण करून देणं, हे सरकारी वकिलांचं काम. त्यासाठी आधीच्या तारखेलाच त्यांची वेळ मागून ठेवावी लागते, कारण साक्षीच्या दिवशी त्यांच्या टेबलावर वीस फायली असतात. ते बोलत असताना आई आणि मी गप्प. आईलाही बजावून ठेवते की रात्री घरी उजळणी घ्यायची नाही, ही परीक्षा नव्हे. मुलीला मी चारच गोष्टी सांगते. जे आठवतं ते सांग. आठवत नसेल तर ‘आठवत नाही’ म्हण. प्रश्न कळला नाही तर ‘कळलं नाही’ म्हण. तहान लागली, शू आली, रडू आलं तर साहेबांना सांग. आणि ‘कोणी सांगितलं?’ असं विचारलं तर मी या चार गोष्टी सांगितल्या, हेही सांग.

हे चार नियम एका मुलीने कोर्टात बोटांवर मोजून म्हणून दाखवले. आरोपीचे वकीलच हसले.

आधी एकदा मोकळं कोर्ट

साक्षीच्या आधी एक दिवस मुलीला कोर्ट दाखवून आणा. सरकारी वकिलांना आणि बेंच क्लार्कला विचारून, साडेदहाच्या सुमाराला, साहेब बसायच्या आधी. फोर्टचं सत्र न्यायालय ओव्हल मैदानासमोर, जुन्या सचिवालयाच्या इमारतीत आहे. उंच छत, दगडी जिने, लांब व्हरांडे. मोठ्या माणसालाही तिथे आपण लहान झाल्यासारखं वाटतं. दिंडोशीची इमारत नवी, पण गर्दी तीच. साहेब कुठे बसतात, टाइप करणारे कुठे, तू कुठे, मी कुठे, हे दाखवा. साक्षीदाराच्या जागी तिला उभी करा. तिथून आरोपी दिसेल का? त्याच्यासमोर तिला आणू नये असं पॉक्सोचं कलम ३६ सांगतं. पडदा, व्हिडिओ, वेगळी खोली, यातलं तिथे काय आहे ते विचारा. असुरक्षित साक्षीदारांसाठी स्वतंत्र साक्ष केंद्रं उभारावीत, असे आदेश महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये दिले. तशी खोली असेल तर साक्ष तिथे व्हावी म्हणून सरकारी वकिलांमार्फत आधीच अर्ज द्या. आयत्या वेळी ‘किल्ली कोणाकडे आहे’ हे शोधत बसावं लागतं.

तारखेचा दिवस

वकिलांचे प्रश्न अवघड असतात, पण मुली माझ्यासमोर कोसळल्या आहेत त्या बहुधा वाट बघताना. म्हणून सगळा कस या दिवसाला लागतो.

सकाळी नऊची सीएसएमटी लोकल घेऊ नका. लेडीज डब्यातसुद्धा अनोळखी अंगं चारी बाजूंनी चेपतात, आणि जिला स्पर्शाचीच भीती बसली आहे तिला आपण त्यात कोंबायचं? आम्ही सातच्या गाडीने निघतो, बसायला जागा मिळते. उतरून ओव्हल मैदानावर कठड्याजवळ बसतो. पोरं क्रिकेटची प्रॅक्टिस करत असतात. तिथेच डबा खायचा. रिकाम्या पोटी साक्षीला उभं केलेलं मूल बाराला चक्कर येऊन बसतं, आणि मग ‘मुलगी उत्तरं टाळते’ अशी छाप पडते.

पिशवीत काय असतं: पाण्याच्या दोन बाटल्या, चिक्की, जास्तीचा एक फ्रॉक आणि चड्डी, सॅनिटरी पॅड, रुमाल, चित्रकलेची वही, रंगीत खडू, पत्त्यांचा कॅट. पत्ते आता उघड बाहेर काढते, आधी काढत नव्हते. एका हवालदार साहेबांनी आक्षेप घेतला होता, ‘कोर्टात जुगार?’ पाच-तीन-दोन खेळतोय म्हटल्यावर स्वतःच पानं मागायला लागले. मोबाइल सायलेंटवर नको, बंदच ठेवा. कोर्टरूममध्ये वाजला तर जप्त होतो आणि आपली सगळी दुपार तो सोडवण्यात जाते.

कुठे बसायचं हे आधी ठरवा. लिफ्ट आणि कॅन्टीनच्या वाटेवर बसू नका, आरोपीचे नातेवाईक तिथेच घुटमळतात. जामिनावर असलेला आरोपी त्याच व्हरांड्यात उभा असतो आणि त्याला तिथे उभं राहण्याचा हक्क आहे. भांडू नका. पैरवी अधिकाऱ्यांना (कोर्टात केसचं काम बघणाऱ्या पोलिसांना) किंवा सोबतच्या महिला कॉन्स्टेबलना सांगून दुसऱ्या मजल्यावर, वेगळ्या खोलीत जागा मागा. सरकारी वकिलांची खोली मिळाली तर उत्तम. मुलीला बाथरूमला एकटी कधी पाठवू नका, आईसोबतही नाही, तिघी जा. एकदा आरोपीची बहीण आत वाट बघत उभी होती. रडत होती, पदर पसरत होती, ‘माझ्या भावाला वाचव गं’. मुलगी नंतर मला म्हणाली, ‘मावशी, त्या पण रडत होत्या.’ त्या दिवशी तिची साक्ष झाली असती तर काय झालं असतं, सांगता येत नाही. तारीख पडली.

तारीख पडते. साहेब रजेवर असतात, आरोपीला तुरुंगातून आणलेलं नसतं, वकील उच्च न्यायालयात अडकलेले असतात, कलिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेचा अहवाल आलेला नसतो. ‘आज नाही, पुढच्या महिन्यात’ असं कळलं की दोन गोष्टी करा. साक्षीदार हजर होती आणि मुदत कोणी मागितली, हे रोजनाम्यात यावं म्हणून सरकारी वकिलांना आठवण करा. साक्षीदार हजर असताना सबळ कारणाशिवाय तहकुबी देऊ नये, असं नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३४६ सांगतं, आणि खर्चही लावता येतो. दुसरं, पुढची तारीख लिहिली जाण्याआधीच मुलीच्या परीक्षेचं वेळापत्रक त्यांच्यासमोर ठेवा. साक्षीदाराचा भत्ताही मागा, थोडा असला तरी. आईला तो हातात पडल्यावर वाटतं की आपण कोर्टाच्या कामासाठी आलो होतो, आपल्याला दरडावून बोलावलं नव्हतं.

आणि परतीच्या वाटेवर लगेच घरी नेऊ नका. आम्ही वडापाव खातो. साक्ष झाली तर वडापाव, नाही झाली तरी वडापाव. साक्ष चांगली झाली म्हणून बक्षीस, असं मुलीच्या डोक्यात बसता कामा नये. उद्या तेही कोर्टात विचारतील.

आत

सुनावणी इन कॅमेरा, म्हणजे बंद दाराआड असते, बाकीचे बाहेर जातात. मुलीचा विश्वास असलेली व्यक्ती जवळ राहू शकते. पण ती आई असेल आणि आईचीही साक्ष व्हायची असेल, तर आईला बाहेर थांबावं लागतं. हे आदल्या दिवशी मुलीला सांगून ठेवा, नाहीतर दार बंद होताना तिचा बांध फुटतो.

आत तुम्हाला बोलायचा अधिकार नाही. मान डोलावू नका, हसू नका, ओठ हलवू नका. मी मुलीच्या नजरेच्या रेषेत बसते आणि बोलणाऱ्याकडे बघत राहते, तिच्याकडे बघत नाही. कायद्याप्रमाणे दोन्ही बाजूंच्या वकिलांनी प्रश्न न्यायालयाकडे द्यायचे आणि न्यायालयाने ते मुलाला विचारायचे, पॉक्सोचं कलम ३३. आक्रमक प्रश्न आणि चारित्र्यावर शिंतोडे यांना मनाई आहे, मधेमधे विश्रांती देता येते. प्रत्यक्षात हे किती पाळलं जातं ते खुर्चीवर कोण बसलंय त्यावर असतं. घसरतंय असं वाटलं तर मी चिठ्ठी लिहून सरकारी वकिलांच्या हातात देते. ‘ब्रेक’ एवढाच शब्द. त्या उठतात, विनंती करतात. बहुतेक साहेब देतात.

बारा वर्षांखालच्या मुलाला शपथेचा अर्थ कळत नसेल तर शपथ न देताही साक्ष घेता येते. त्याआधी साहेब खरं-खोटं यातला फरक विचारतात, शाळेचं नाव विचारतात. मुलं इथेच गोंधळतात, कारण त्यांना थेट त्या दिवसाबद्दल विचारतील असं वाटलेलं असतं. ‘आधी ते तुझ्याशी गप्पा मारतील’ एवढं सांगून ठेवावं.

नंतर

निकालाच्या दिवशी मुलीला नेऊ नका. आईला न्या. निर्दोष सुटला तर आरोपीकडचे लोक बाहेर पेढे वाटतात, ते तिने का बघायचं? निकालाची प्रमाणित नक्कल त्याच आठवड्यात अर्ज करून मागा. आरोपी सुटला, कमी गुन्ह्यात शिक्षा झाली किंवा भरपाई अपुरी वाटली तर पीडितेला स्वतः अपील करता येतं, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४१३. न्यायालयाने ठरवलेली भरपाई आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत सरकारने द्यायची असते. त्याचा पाठपुरावा तुमच्याशिवाय कोणी करणार नाही.

मुद्देमालाचं, म्हणजे जप्त झालेल्या वस्तूंचं, सगळे विसरतात. मुलीचे कपडे बहुतेक आया परत मागत नाहीत. मोबाइल मात्र मागतात. तपासात जप्त झालेला आईचा एकुलता फोन खटला संपेपर्यंत पोलिसांकडे पडून राहतो. तो आधीच सोडवून घेण्यासाठी अर्ज करता येतो, हे मला उशिरा कळलं. त्या अकरा वर्षांच्या मुलीच्या आईला तिचा फोन चार वर्षांनी मिळाला. सीलबंद पाकीट, वर लाख, आत बॅटरी फुगून मागचं झाकण उचललेलं. तिने तो रुमालात गुंडाळून पिशवीत टाकला. जिना उतरताना विचारलं, ‘ताई, आता परत यायला नको ना इथे?’

आरोपीच्या वकिलांनी अपिलासाठी निकालाच्या नकलेचा अर्ज केल्याचं मी सकाळीच क्लार्ककडून ऐकलं होतं. मी तिला तेवढं सांगितलं.